पडण्याची ऐपत

नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला आत वळून शिंगणापूरमार्गे सोनईकडे निघाले की दोन्ही अंगांना ऊस लागतो. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी आले आणि नेवासे तालुक्याच्या या पट्ट्याचे रूप पालटले. मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मुळा एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये आली, आणि जळालेली मोटर रिवाइंड करण्यापासून ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत काहीही उघडून पुन्हा जोडणारे हात गावोगाव तयार झाले. तोडणी उरकलेले फड, नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, डोक्यावर विमानांची वर्दळ नाही. रिमोटवर चालणारे छोटे विमान उडवायला शिकायचे तर याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. असे असून हा छंद गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाढला तो मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकाता अशा शहरांत, जिथे मोकळ्या मैदानासाठी पहाटे उठून गाव सोडावे लागते. असे का झाले, याची दोन उत्तरे सहसा दिली जातात. एक, हा पैसेवाल्यांचा खेळ. दुसरे, विद्या अवघड आहे आणि खेड्यातल्या मुलाकडे तेवढी चिकाटी नसते. दुसरे उत्तर सरळ चुकीचे आहे. पहिले अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच या छंदाचा सगळा इतिहास दडला आहे. विमान विकत घेण्याची ऐपत इथे गौण; ते पाडण्याची ऐपत कुणाला होती, कधी होती आणि कुणी पुरवली, यावर ही कला कुठे रुजायची ते ठरत गेले.

पाडण्याचा एवढा बाऊ का, हे समजायला शिकाऊ माणसासमोर काय वाढून ठेवलेले असते ते पाहावे लागेल. सायकल शिकणारे पोर पडते तेव्हा गुडघे फुटतात, सायकल बहुधा शाबूत राहते. इथे उडवणाऱ्याला ओरखडाही येत नाही आणि यंत्राचा चुराडा होतो. खऱ्या विमानातल्या वैमानिकाला झुकाव आणि हेलकावा पाठीला, पोटाला कळतो. जमिनीवर उभ्या माणसाला भरवसा फक्त डोळ्यांचा. विमान पाठमोरे जात असते तोवर उजवीकडे दाबलेली स्टिक म्हणजे उजवे वळण. तेच विमान तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागले की उजवी स्टिक त्याला आपल्या डावीकडे घेऊन जाते. दूर गेलेले विमान आभाळासमोर नुसती काळी आकृती दिसते, मग ते येते आहे की जाते आहे हेच उमगत नाही. जाणकार यावर एक तोडगा सांगतात: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला स्टिक न्यायची, पंख सावरतो. तोडगा एका वाक्याचा आहे, पण तो हातात मुरायला बरीच विमाने खर्ची पडतात. त्याहून वाईट प्रकार स्टॉलचा. वेग घटला, विमान खाली बसायला लागले, की नवशिक्याचा हात आपसूक नाक वर ओढतो. त्याने वेग आणखी पडतो, पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि विमान एका अंगावर कोलमडते. नाक खाली दाबून आधी वेग मिळू देणे हा खरा उपाय, आणि उपजत बुद्धी नेमके त्याच्या उलट सांगते. वीस मीटरवरून कोसळणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला दोन सेकंद लागतात. विचार करायला तेवढीच सवड.

सोनईच्या परिसरात यात स्थानिक अडचणींची भर पडते. ज्येष्ठ-आषाढात पाऊस घाटमाथ्यावर अडतो, वारा मात्र इथवर पोचतो. चैत्र-वैशाखात दुपारी वावटळी उठतात. शांत हवा मिळते ती थंडीतल्या सकाळी, आणि त्याच दिवसांत बराच ऊस अजून उभा असतो. डोक्यावरून दोन हात उंच गेलेल्या उसात विमान पडले तर ते कोणत्या सरीत आहे हे बांधावरून कळण्याचा मार्ग नाही. पानांच्या कडांनी हात-तोंड कापत सरीमागून सरी धुंडाळायच्या, आणि सापडले तरी पंखाचे तुकडे हाती येणार. हवा, दिशा, स्टॉल, ऊस, या सगळ्यांवर सराव हाच इलाज आहे. पण सराव करायला दुसऱ्या दिवशी हातात विमान हवे.

इतिहासात मागे गेले तर सुरुवातीला ही ऐपत फक्त सरकारांकडे दिसते. ब्रिटिशांनी १९३५ च्या सुमारास ‘क्वीन बी’ नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान बनवले ते तोफखान्याला नेमबाजीचे लक्ष्य हवे म्हणून. म्हणजे ते पाडण्यासाठीच होते. हौशी माणसांचा शिरकाव झाला तो अमेरिकेत, १९३७-३८ च्या आसपास, वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांच्या ‘गफ’ या विमानाने. त्या काळातल्या आणि पुढे बरीच वर्षे चाललेल्या साध्या रेडिओ संचाला एकच बटण असे. विमानातली एक छोटी अडणी पीळ भरलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू हलवी: एकदा दाबून धरले की उजवीकडे, पुढच्या वेळी दाबून धरले की डावीकडे. वळण थोडे की जास्त, हे सांगायची सोय नाही. मागचे वळण कोणते दिले होते हे विसरले की पुढचे उलटे. स्टिक जेवढी हलवावी तेवढाच सुकाणू हलेल असे संच सर्रास मिळू लागले ते साठच्या दशकात. मधल्या काळात तिथले लोक शिकले कसे? त्यांचे हात आपल्याहून वेगळे होते म्हणून नव्हे. दुकानात तयार संच मिळत, मोडलेला पंख टपालाने मागवता येई, आणि प्रत्येक मैदानावर क्लब होता. त्या क्लबांनी घालून दिलेले रिवाज पाहिले की ते सगळे पडण्याची किंमत उतरवण्यासाठीच होते हे लक्षात येते. शिकाऊंसाठी पंख धडाच्या वर बसवलेले, दोन्ही टोके जरा उचललेली, हात सोडला तर आपणच सरळ होणारी ‘ट्रेनर’ विमाने आली. गुरू-शिष्यांचे दोन ट्रान्समीटर केबलने जोडून, शिष्य चुकला की गुरूने ताबा परत घ्यायचा अशी सोय झाली. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोघांनी संच चालू केले तर उडत असलेले विमान हमखास पडे. म्हणून मैदानावर फळी लावून ज्याच्याकडे त्या फ्रीक्वेन्सीचा कपड्यांचा चिमटा त्यानेच संच सुरू करावा, असा नियम झाला.

आपल्याकडे विमानाच्या गोष्टी सांगताना पडण्याचा भाग गाळण्याची खोड आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, हा दावा आजही हिरिरीने सांगितला जातो. त्याला भक्कम समकालीन पुरावा नाही, ही गोष्ट वेगळीच. पण त्या कथेत आधी फसलेले प्रयत्न सहसा नसतात, आणि मला तीच गोष्ट सर्वांत संशयास्पद वाटते. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी चार उड्डाणे केली आणि त्याच दिवशी वाऱ्याने त्यांचे यंत्र उलटवून मोडून टाकले, याची नोंद त्यांच्या उड्डाणाइतकीच पक्की आहे.

स्वतंत्र भारतात हा छंद तरुणांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले ते राष्ट्रीय छात्रसेनेने. छात्रसेना १९४८ ची, तिचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता इथे एकेका स्क्वाड्रनने सुरू झाला. एअरोमॉडेलिंग त्याच्या शिक्षणाचा भाग झाले, पुढे वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. पाडण्याची ऐपत सरकारने पुरवली, असे इथे म्हणता येईल. मात्र दोन अटींवर. हवाई विभागाची पथके मुंबई, पुणे, नागपूर अशा विमानतळाच्या शहरांत, त्यामुळे सोनईच्या मुलाला आधी शहरात शिकायला जावे लागणार. आणि विमान सरकारी. नोंदवहीत चढलेली वस्तू मोडायला कोणी धजत नाही, मोडली तर कागद रंगवावे लागतात. अशा व्यवस्थेत विमान उत्तम बनते, झकास रंगते, प्रदर्शनात मांडले जाते. शिकाऊ हाताला ते क्वचित मिळते.

शहरातल्या हौशी माणसालाही रस्ता मोकळा नव्हता. बाल्सा लाकूड सागवानाच्या साधारण पाव वजनाचे, येते इक्वेडोरहून. सर्व्हो, ट्रान्समीटर, ग्लो इंजिन सगळे परदेशी, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठायला १ एप्रिल २००१ उजाडावे लागले. कोलकात्यात बनणारी ‘अरोरा’ नावाची छोटी डिझेल इंजिने हा त्यातला मोठाच आधार, पण त्यांना इंधन म्हणून इथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण लागे. ग्लो इंजिनाला मिथेनॉल हवे. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल निघते ते इथाइल. ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार तापती राहते ती मिथाइलवर. उसाच्या मुलखात राहून विमानाच्या टाकीत घालायला दारू नाही, अशी ही गंमत. वर रेडिओचा कायदा: १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा, आणि घरातल्या साध्या रेडिओलाही ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे. म्हणून पुष्कळांनी रेडिओचा नाद सोडून दोन बारीक तारांना बांधलेले, उडवणाऱ्याभोवती गोल फिरणारे ‘कंट्रोल लाइन’ विमान पत्करले. विलायती विमान ज्याच्याकडे असे तो ते पेटीत जपून ठेवी. ते पडले की हंगाम संपला, कारण पुढचे सुटे भाग कोणी नातेवाईक परदेशातून येईल तेव्हा.

यावर आमच्या भागातला कोणीही जाणता माणूस एक हरकत घेईल, आणि ती गंभीर आहे. जे लोक बंद पडलेले डिझेल इंजिन पत्र्याच्या तुकड्यावर चालू करतात त्यांना विलायती पंखाचे काय कौतुक? बांबू आहे, थर्माकोल आहे, निवडणुकीनंतर उरलेले सनपॅकचे फलक आहेत; जुगाड करून विमान उभे राहिले असते. उभे राहिले असते, यात शंका नाही. पण पंपाची दुरुस्ती आणि विमानाची दुरुस्ती यांत मूलभूत फरक आहे. पंपाला वजनाचे सोयरसुतक नसते. वर चार किलो लोखंड जोडले तरी पाणी तेवढेच येते. विमानाची प्रत्येक डागडुजी त्याला जड करते. वजन वीस टक्क्यांनी वाढले तर स्टॉलचा वेग सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे विमान आता आणखी वेगाने उतरवावे लागणार, विचाराला आणखी कमी वेळ, आणि आपटले तर तडाखा मोठा. त्यातून सांधा शेपटीकडे असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर हवा. बोटभर मागे गेला की विमान बेताल होते. चिकटवणाचा थर वाढत जातो तसे विमान दर पडण्यागणिक उडवायला अवघड होते, आणि ते ज्याच्या हाती आहे तो अजून शिकतोच आहे. जिद्द इथे उलटी अंगावर येते. म्हणून चिकाटीचे गोडवे गाणाऱ्यांशी माझे भांडण आहे. चिकाटीला हलका, नवा, स्वस्त पंख लागतो. तो नसेल तर चिकाटी म्हणजे जड होत चाललेल्या सांगाड्याशी झुंज.

किंमत खरोखर उतरली ती या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि सगळीकडून एकदम उतरली. बाल्साच्या जागी वाकणारा फोम आला. तो फाटतो, पण गरम गोंदाने दहा मिनिटांत सांधतो, वजनही फारसे वाढत नाही. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरीने मिथेनॉल-एरंडेलाचा प्रश्नच निकालात काढला. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ठराविक शक्तीपर्यंत परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये, आणि त्याच सुमारास जगभर रिमोटचे नवे संच याच पट्ट्यावर आले. कपड्यांच्या चिमट्याचे काम संपले. सर्वांत मोठा बदल संगणकावरच्या सिम्युलेटरचा. त्यात पडण्याची किंमत शून्य. शंभर वेळा आपटा, एक कळ दाबली की विमान पुन्हा धावपट्टीवर. समोरून येणाऱ्या विमानाचे डावे-उजवे हातात मुरायला याहून उत्तम साधन निघालेले नाही. माझ्या युक्तिवादाला याहून सबळ पुरावा मी देऊ शकत नाही: माणसांचे हात बदलले नाहीत, हवा बदलली नाही, स्टॉल तसाच आहे, फक्त पडणे स्वस्त झाले, आणि जिथे पूर्वी मूठभर लोक उडवत तिथे जिल्ह्या-जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले उडवू लागली.

नेमक्या त्या वेळी कायदा आडवा आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून सरकारी यंत्रणांखेरीज कोणीही, कोणत्याही कारणासाठी मानवरहित विमान उडवण्यास मनाई केली. रोख ड्रोनवर होता, पण छंदाच्या विमानांचाही पाय त्यात अडकला. डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी गाठ सैल झाली. मधली जवळजवळ सात वर्षे गेली. सुरक्षेची काळजी अनाठायी नव्हती, हे मान्य करायला हवे. सीमेवर ड्रोनने शस्त्रे उतरवली जातात तिथे सरकारने डोळे मिटून बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण फोमचे पाव किलोचे विमान आणि हत्यारे वाहणारे यंत्र यांत भेद करायला सात वर्षे लागावीत, हे काही नियोजनाचे लक्षण नव्हे.

आता दुसरी हरकत, आजची. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात खिडकीबाहेर घिरट्या घालणारा क्वाडकॉप्टर आयआयटी मुंबईतून निघालेल्या ‘आयडियाफोर्ज’च्या तरुणांनी बनवलेला होता. २००९ च्या त्या चित्रपटात यंत्र अपुरे राहिले आणि मुदत वाढवून मिळाली नाही, म्हणून विद्यार्थी जीव देतो. पडद्यावर का होईना, दुसरी संधी न मिळण्याची किंमत प्रेक्षकांनी पाहिली. हरकत अशी, की क्वाडकॉप्टर संगणकाशिवाय उडूच शकत नाही, आणि संगणक असल्यावर माणसाला विशेष काही शिकावे लागत नाही: स्टिक सोडली की यंत्र जागच्या जागी तरंगते. मग विमानावर हात बसवण्याचे हे जुने दुखणे आता कशाला उगाळायचे? उत्तर सोनईच्या उसातच आहे. पुरुषभर उंच उसावर पाठीवरचा पंप घेऊन फवारणी करता येत नाही, म्हणून फवारणीचे ड्रोन उसाच्या पट्ट्यात आले आणि ते राहणार आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. प्रशिक्षण पंधरा दिवसांचे, त्यातले ड्रोन उडवण्याचे पाच. जवळच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही ड्रोन चालवण्याचे शिक्षण मिळू लागले आहे. सगळे ठीक चालते तोवर हे पाच दिवस पुरतात. जीपीएसचा संकेत सुटला की मात्र तेच यंत्र वाऱ्याबरोबर सरकू लागते, समोर तोंड करून आले की डावे-उजवे फिरते, आणि खाली दहा लिटर औषध, बाजूला विजेची तार. त्या क्षणी हाताला जे यायला हवे ते संगणक शिकवत नाही. आणि पडण्याची किंमत पुन्हा लाखांत गेलेली असते.

मोठ्या संस्थांचीही यातून सुटका नाही. याच जिल्ह्यातल्या, नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेच्या सहभागाने ‘निशांत’ या लष्करी टेहळणी विमानासाठी देशी वांकेल इंजिन तयार झाले आणि २००९ मध्ये कोलारला त्यावर उड्डाण झाले. ते काम नावाजण्यासारखेच होते. पण लष्कराला दिलेली चारही निशांत २०१५ पर्यंत कोसळली आणि पुढची मागणी थांबली. दोष कुणाचा यावर वाद झाले. माझ्या दृष्टीने मुद्दा एवढाच की चार यंत्रांत शिकणे पुरे होत नाही, मग शिकणारा मुलगा असो की देश. हॉलिवूडचा नट रेजिनाल्ड डेनी याने छंदाच्या विमानांचे दुकान काढले, त्यातून ‘रेडिओप्लेन’ कंपनी निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकेच्या फौजांना हजारोंनी लक्ष्य-विमाने पुरवली. छंद पोरखेळ असतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

तेव्हा सोनईतल्या आणि आसपासच्या शिक्षणसंस्थांना, कारखान्यांना विनंती आहे. ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि दोन किलोपर्यंतचे यंत्र धंद्यासाठी नसेल तर त्यालाही नाही. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला भाग हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढे तपासून घ्यावे. संगणक कक्षात सिम्युलेटर टाका, तोडणी झालेले दोन एकर हिवाळ्यातल्या सकाळी मोकळे ठेवा, फोमचे ताव आणि गोंद आणून द्या. आणि अंदाजपत्रकात यंत्रखरेदीच्या खाली ‘मोडतोड’ असा स्वतंत्र रकाना घालून त्यात खरेदीइतकीच रक्कम लिहा.